साईटचं शेड्युल: दिवस कुठे वाचवायचे आणि पैसा कुठे घालायचा

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, तिकडे वाशी-नेरूळ, जिथे बघाल तिथे जुन्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि बहुतेक साईटवर शेड्युल एकाच पद्धतीने बनतं. आधी पझेशनची तारीख ठरते, मग त्या तारखेपासून एक्सेलमध्ये मागे मागे पट्टे ओढत सगळी कामं कशीतरी बसवली जातात, प्रिंट साईट ऑफिसच्या भिंतीला चिकटते आणि दोन महिन्यांनी तिच्याकडे कोणी बघतही नाही. उशीर दिसायला लागला की मग सगळ्या कामांवर एकदम माणसं वाढवा, ओव्हरटाईम लावा, रविवारी पण काम काढा. बिल वाढतं, तारीख मात्र तिथल्या तिथेच राहते.

यात गडबड क्रमाची आहे. कुठला दिवस विकत घेण्यासारखा आहे हे कळायच्या आधीच पैसे टाकले जातात. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधला टप्पा गाळू नका. उदाहरणाला स्टिल्ट (खाली पार्किंगचा मोकळा मजला) अधिक ७ मजल्यांची, २८ सभासदांची सोसायटी घेतलीय. तिचे रुपये आणि दिवस समजावण्यापुरते आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

टप्पा १: एक दिवस उशीर म्हणजे किती रुपये, हे आधी काढा

हा आकडा बऱ्याच बिल्डरांकडे तयार नसतो, ठेकेदाराकडे तर अजिबात नसतो. पण याच्याशिवाय पुढे काहीच ठरवता येत नाही. काम पुढे सरको न सरको, जो खर्च चालूच राहतो तो सगळा लिहून काढा:

- सभासदांचं भाडं (काम चालू असताना बिल्डर त्यांना देतो ते): २८ जण, प्रत्येकी २५,०००, म्हणजे महिना ७ लाख
- इंजिनिअर-सुपरवायझरचे पगार, सिक्युरिटी, वीज, टँकर, साईट ऑफिस: २.५ लाख
- होइस्ट (माल वर चढवायचं यंत्र), परांचीचे पाइप वगैरे भाड्याचं सामान: १.५ लाख
- ४ कोटी कर्जावर वर्षाला १२ टक्के व्याज: ४ लाख

एकूण १५ लाख महिना, म्हणजे दिवसाला ५०,०००. भाडं आणि व्याज रविवारी पण चढतं म्हणून ३० ने भागलंय आणि पुढचे सगळे दिवस कॅलेंडरचेच धरलेत.

तपासा: हा आकडा टप्प्याप्रमाणे बदलतो. स्लॅब चालू असताना यात शटरिंग प्लेट आणि जॅकचं भाडं येईल, फिनिशिंगला ते जाईल. कर्जाची उचल वाढत गेली की व्याज वाढतं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा काढा.

टप्पा २: कामांची यादी, त्यात थांबण्याचे दिवस, ऑर्डरी आणि परवानग्या पण

स्लॅब, ब्लॉकवर्क, गिलावा, टाइल्स, रंग एवढीच यादी केली तर शेड्युल पहिल्याच महिन्यात खोटं पडतं. प्रत्येक मजल्याचं काम वेगळं लिहा आणि जे हमखास सुटतं ते हे:

थांबण्याचे दिवस. क्युरिंग (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं), टॉयलेटच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवायची टेस्ट, गिलावा वाळणं, पुट्टीच्या हातांमधला वेळ. यांना माणूस लागत नाही म्हणून कोणी लिहीत नाही, पण दिवस लागतात, आणि माणसं वाढवून हे दिवस कमी होत नाहीत. यांची वेगळी ओळच करा म्हणजे नंतर चुकून कोणी त्यातले दिवस कापणार नाही.

ऑर्डरी. लिफ्ट, खिडक्यांचे सेक्शन, दरवाजे, पंप, इलेक्ट्रिक पॅनल. प्रत्येकाच्या तीन ओळी: ड्रॉइंग फायनल, ऑर्डर आणि अ‍ॅडव्हान्स, माल साईटवर. लिफ्टची ऑर्डर शेवटचा स्लॅब पडल्यावर द्यायची सवय खूप ठिकाणी आहे आणि मग सगळी बिल्डिंग तयार, फक्त लिफ्टसाठी अडकलेली, अशी वेळ येते.

सभासदांचे निर्णय. रिडेव्हलपमेंटमध्ये हे सगळ्यात जास्त दिवस खातं. टाइल्सचा नमुना, किचन ओट्याची बाजू, टॉयलेटमध्ये कमोड कुठला, कोणाला आतली भिंत नको. ब्लॉकवर्क सुरू व्हायच्या आधीची एक तारीख ठरवून कमिटीच्या मिटिंगमध्ये लेखी घ्या. त्यानंतरचा बदल म्हणजे वेगळा खर्च, हे त्याच कागदावर लिहा.

परवानग्या. सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी), प्लिंथची (जोत्याची) तपासणी आणि पुढची सीसी, फायरची शेवटची तपासणी, लिफ्टचं इन्स्पेक्शन आणि लायसन्स, ड्रेनेज आणि पाण्याचं कनेक्शन, महावितरणचे मीटर आणि लागणार असेल तर ट्रान्सफॉर्मरची जागा, शेवटी ओसी (राहायला जायची परवानगी). ठाणे महापालिका, नवी मुंबई महापालिका, पनवेल महापालिका, सिडको, तुमचा प्लॉट ज्यांच्याकडे येतो त्यांचा क्रम तुमच्या आर्किटेक्टकडून लिहून घ्या. प्लॉट सिडकोच्या लीजवर असेल तर त्यांच्या एनओसीची पण ओळ हवी.

एवढ्या बिल्डिंगला शंभर-दीडशे ओळी पुरतात. हजार ओळींचं शेड्युल दिसायला भारी वाटतं पण दर आठवड्याला ते अपडेट करणारा माणूस साईटवर नसतो.

टप्पा ३: दिवस मोजमापावरून काढा, अंदाजाने नको

"गिलाव्याला महिना लागेल" असं मुकादम म्हणतो, ते लिहून घेऊ नका. मोजमाप भागिले रोजचं काम, एवढंच गणित आहे. आतला गिलावा २,६०० चौरस मीटर, गवंडी-बिगारीची एक जोडी रोज १० करते, जोड्या १० लावणार, म्हणजे रोज १०० आणि कामाचे २६ दिवस. आठवड्याच्या सुट्टीचे ४ दिवस धरले की ३०. उत्तर महिनाच आलं असेल, पण आता किती जोड्या लागणार हे कागदावर आलं आणि उद्या ६ जोड्याच आल्या तर पहिल्याच दिवशी कळेल की महिन्यात होणार नाही.

रोजचं काम किती होतं हे पुस्तकातून घेऊ नका. मागच्या साईटचं मस्टर आणि मेजरमेंट बुक समोर ठेवा आणि त्यातून काढा, कारण तुमच्या टोळीचा वेग तिथेच लिहिलेला आहे.

जिथे खात्रीच नाही, म्हणजे मुख्यतः जमिनीखालचं काम, तिथे तीन आकडे घ्या: सगळं नीट झालं तर, साधारण आणि वाईटात वाईट. साधारणला चारने गुणा, बाकी दोन मिळवा, सहाने भागा. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला खोदकाम असेल तर खडक किती वर लागतो त्यावर सगळं ठरतं. समजा १२, १८ आणि ४२ दिवस, तर (१२ + ७२ + ४२) भागिले ६, म्हणजे २१ धरायचे, १८ नाही. उलवे-द्रोणागिरीकडे मऊ चिखलमाती आणि पाणी लगेच वर, तिथे पाइलचे दिवस असेच काढा आणि पंपाने पाणी उपसायचा खर्च रोजच्या खर्चात घाला.

लक्षात ठेवा: प्रत्येक कामात गुपचूप दोन-दोन दिवस जास्त घालून ठेवू नका. ते दिवस कोणीच वाचवत नाही, काम तेवढं पसरतं. जास्तीचे दिवस हवेतच, पण ते एका जागी, शेवटी, "राखीव" अशा वेगळ्या ओळीत ठेवा, सगळ्यांना दिसतील असे.

टप्पा ४: क्रम जोडा, मग कॅलेंडर घाला

प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: हे सुरू व्हायच्या आधी काय संपलेलं असलं पाहिजे? उत्तरं दोन प्रकारची येतात. काही कामाची खरी गरज असते, चेसिंग करून, म्हणजे भिंतीत खाचा पाडून, पाइप टाकल्याशिवाय गिलावा नाही. काही माणसांमुळे असतात, आतला आणि बाहेरचा गिलावा एकच टोळी करणार असेल तर दोन्ही एकदम होणार नाहीत. हा दुसरा प्रकार शेड्युलमध्ये नसतोच बहुतेक वेळा, कागदावर दोन्ही कामं शेजारी शेजारी चालू दिसतात आणि साईटवर टोळी एकच असते.

मग कॅलेंडर. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात जुलै सगळ्यात वाईट. खोदकाम, फाउंडेशन, प्लिंथ आणि आजूबाजूची भरणी मे संपायच्या आत झाली पाहिजे. बेसमेंटचा खड्डा उघडा ठेवून पावसात शिरलात तर पाणी उपसणं, बाजू ढासळणं, शेजारच्या बिल्डिंगच्या कंपाउंडला धोका, सगळंच अंगावर येतं. मेअखेर प्लिंथ होत नसेल तर घाईने अर्धवट खोदण्यापेक्षा खोदकाम पावसानंतर घेणं मला जास्त बरं वाटतं, भले चार महिन्यांचं भाडं भरावं लागो. बाहेरचा गिलावा, बाहेरचा रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग पण पावसाळ्यात लिहू नका. आतलं ब्लॉकवर्क, गिलावा, टाइल्स चालू राहतं.

होळी आणि दिवाळी-छठला परप्रांतीय लेबर गावी जातं, गणपतीत कोकणातली माणसं जातात, आणि सुट्टी संपल्यावर सगळे एकाच दिवशी परत येत नाहीत. त्या आठवड्यांत निम्मा वेग धरा.

तपासा: ज्या ओळीच्या आधी काही नाही अशी पहिली एकच असावी, ज्या ओळीच्या नंतर काही नाही अशी शेवटची एकच असावी. मध्येच लोंबकळणारी ओळ दिसली की समजा जोडणी राहिली.

टप्पा ५: क्रिटिकल पाथ काढा

शेवटच्या स्लॅबनंतरचा भाग बघू. सोपं जावं म्हणून मजल्यामजल्यांचं ओव्हरलॅप इथे धरलेलं नाही, ते टप्पा ८ मध्ये येतं.

- ब्लॉकवर्क: ३० दिवस
- इलेक्ट्रिक-प्लंबिंगचं चेसिंग आणि पाइप: १२, ब्लॉकवर्कनंतर
- आतला गिलावा: ३०, चेसिंगनंतर
- टॉयलेट वॉटरप्रूफिंग, टेस्टसकट: २०, चेसिंगनंतर
- बाहेरचा गिलावा, वेगळी टोळी: ४०, ब्लॉकवर्कनंतर
- लिफ्ट बसवणं: ६०, ब्लॉकवर्कनंतर
- टाइल्स: ३५, आतला गिलावा आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही झाल्यावर
- खिडक्या: २०, बाहेरच्या गिलाव्यानंतर
- रंग आणि फिटिंग: २५, टाइल्स आणि खिडक्या झाल्यावर
- शेवटची तपासणी आणि दुरुस्त्या: १०, रंग आणि लिफ्ट झाल्यावर

आता सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा प्रत्येक रस्ता बेरीज करा. ब्लॉकवर्क, चेसिंग, आतला गिलावा, टाइल्स, रंग, तपासणी: १४२. गिलाव्याऐवजी वॉटरप्रूफिंगवरून गेलं तर १३२. बाहेरचा गिलावा आणि खिडक्यांवरून १२५. लिफ्टवरून १००.

सगळ्यात लांब रस्ता १४२ चा, तोच क्रिटिकल पाथ. यातलं कुठलंही काम एक दिवस लांबलं की पझेशन एक दिवस लांबतं. वॉटरप्रूफिंगला १० दिवसांचा फ्लोट आहे, म्हणजे तेवढं लांबलं तरी पझेशन हलत नाही, बाहेरचा गिलावा-खिडक्यांना मिळून १७, लिफ्टला ४२. मिळून हा शब्द महत्त्वाचा आहे, बाहेरच्या गिलाव्याने १५ दिवस खाल्ले तर खिडक्यांना दोनच उरतात, प्रत्येकाला वेगळे १७ नाहीत.

एमएस प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरामध्ये हे आपोआप येतं. पण निदान एकदा हाताने करा, म्हणजे सॉफ्टवेअरने भलतंच उत्तर दिलं तर ओळखता येईल.

थांबा: लिफ्टला ४२ दिवस फ्लोट आहे म्हणजे ऑर्डर उशिरा दिली तरी चालेल असं नाही. वरचे ६० दिवस माल साईटवर आल्यापासूनचे आहेत.

टप्पा ६: पैसे देऊन दिवस घ्या, पण स्वस्त दिवस आधी

क्रॅशिंग म्हणतात ते हेच. नियम तीन. फक्त क्रिटिकल पाथवरचं काम घ्यायचं. त्यातही ज्याचा एक दिवस सगळ्यात स्वस्त पडतो ते आधी. आणि प्रत्येक वेळी कमी केल्यावर सगळे रस्ते पुन्हा बेरीज करायचे.

एका दिवसाचा भाव काढायला जादा खर्च भागिले वाचलेले दिवस. ठेकेदारांकडून विचारून समजा हे आलं:

- आतला गिलावा ३० चा २४, जादा १.८ लाख: दिवसाला ३०,०००
- टाइल्स ३५ चे २८, जादा २.८ लाख: दिवसाला ४०,०००
- ब्लॉकवर्क ३० चं २६, जादा २.४ लाख: दिवसाला ६०,०००
- रंग-फिटिंग २५ चं २०, जादा ३.५ लाख: दिवसाला ७०,०००

टप्पा १ चा आकडा आठवा, ५०,०००. आधी गिलावा ६ दिवसांनी कमी. १४२ चे १३६, खर्च १.८ लाख, वाचले ३ लाख, हातात १.२ लाख. रस्ते पुन्हा बघा: वॉटरप्रूफिंगचा अजून १३२, म्हणजे पुढे जायला जागा आहे. आता टाइल्स ७ दिवसांनी. १३६ चे १२९, खर्च २.८, वाचले ३.५, अजून ०.७ लाख. टाइल्स दोन रस्त्यांवर आहेत म्हणून वॉटरप्रूफिंगचा रस्ता पण १२५ वर आला.

इथे थांबायचं. ब्लॉकवर्कचा दिवस ६०,००० ला पडतो आणि वाचवतो ५०,०००. १३ दिवस लवकर, वर १.९ लाख वाचले.

रेराला दिलेली तारीख जवळ आली असेल तर मात्र रोजच्या उशिराची किंमत ५०,००० राहत नाही, फ्लॅट घेणाऱ्यांना द्यावं लागणारं व्याज त्यात येतं. अशा वेळी ब्लॉकवर्कचे ४ दिवस ६०,००० ने घेणं परवडू शकतं, आणि ब्लॉकवर्क चारही रस्त्यांवर असल्यामुळे ते चार दिवस पूर्णच्या पूर्ण मिळतात. त्याउलट एकट्या आतल्या गिलाव्यातून अजून दिवस काढायला गेलात तर चारच मिळतील, कारण १२५ ला बाकीचे दोन रस्ते पण क्रिटिकल होतात आणि तिथून पुढे प्रत्येक दिवसाला तिन्हीकडे पैसे मोजावे लागतात.

या टप्प्यावर ज्या चुका सारख्या दिसतात:

लिफ्टवाल्याला, बाहेरच्या गिलाव्यावाल्याला जादा पैसे देऊन घाई करायला लावणं. फ्लोट आहे तिथे पैसे टाकून पझेशन एक दिवसही अलीकडे येत नाही.

माणसं दुप्पट म्हणजे दिवस निम्मे असं धरणं. २४ दिवसांत गिलावा म्हणजे कामाचे २१ दिवस, म्हणजे १३ जोड्या. या १३ जोड्यांना माल चढवायला होइस्ट एकच आहे का, मिक्सर पुरतो का, राहायला खोल्या आहेत का, हे आधी विचारा. होइस्टपाशी रांग लागत असेल तर जोड्या वाढवून फक्त हजेरी वाढते.

रात्रपाळीवर विसंबणं. ओव्हरटाईम दुप्पट दराने द्यावा लागतो आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. ब्रेकर, व्हायब्रेटर, कटर सगळं त्यात आलं. नौपाड्यासारख्या दाट वस्तीत शेजारची सोसायटी तक्रार करणारच आणि काम बंद पडलं तर वाचवलेले दिवस गेले.

टप्पा ७: स्लॅबचं सायकल, इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त दबाव इथेच येतो कारण स्लॅब दिसतो आणि स्लॅबला पैसे सुटतात. पण इथले काही दिवस काँक्रीटचे आहेत, ठेकेदाराचे नाहीत. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे कॉलमच्या बाजूच्या प्लेट १६ ते २४ तासांनी काढता येतात. स्लॅबखालच्या प्लेट ३ दिवसांनी, बीमखालच्या ७ दिवसांनी, पण टेकू लगेच परत लावायचे असतील तरच. टेकू पूर्ण काढायला स्लॅबचा स्पॅन साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून जास्त असेल तर १४. बीमचा स्पॅन ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस. हे साध्या ओपीसी सिमेंटचे आकडे आहेत. तुमच्याकडे पीपीसी (फ्लायअ‍ॅश मिसळलेलं सिमेंट) येत असेल तर जास्त धरायचे, किती ते आरसीसी कन्सल्टंटकडून लेखी घ्या.

आता हिशोब बघा. १० दिवसांना एक स्लॅब टाकायचा आणि ६ मीटरच्या वरचे बीम असतील तर तिसरा स्लॅब पडताना पहिल्याचे टेकू अजून उभेच असतात. म्हणजे तीन मजल्यांचे टेकू लागणार. साईटवर दोनच सेट असतील तर दोनच गोष्टी होतात, एक तर सायकल लांबतं नाहीतर टेकू लवकर काढले जातात. दुसरी गोष्ट कुठल्याही कारणाने होऊ देऊ नका, तिसरा सेट भाड्याने आणा, तो खर्च क्रॅशिंगच्या हिशोबात धरा.

क्युरिंग ओपीसीला निदान ७ दिवस, फ्लायअ‍ॅश किंवा स्लॅग असेल तर निदान १०. मार्च-मेच्या उन्हात तर सोडूच नका.

सायकलमधले खरे वाचवता येणारे दिवस दुसरीकडे आहेत. सळई कापून-वाकवून आधीच तयार ठेवणं, कंडुइटवाला (वायरिंगचे पाइप टाकणारा) बारबेंडरच्या (सळई बांधणाऱ्याच्या) मागोमाग त्याच दिवशी येणं, कन्सल्टंटची स्टील चेकिंग आदल्या संध्याकाळी ठरलेली असणं, आणि आरएमसी, म्हणजे प्लांटवरून तयार येणारं रेडिमिक्स काँक्रीट. रेडिमिक्स बॅचिंगपासून दोन तासांत ओतून झालं पाहिजे. तुर्भे-महापे पट्ट्यातून गाडी ठाण्यात यायची असेल तर ठाणे-बेलापूर रोड आणि कळव्याच्या ट्रॅफिकचा वेळ धरा, घोडबंदर रोडला अवजड वाहनांच्या वेळांची बंधनं असतात आणि ती बदलत पण राहतात, म्हणून स्लॅबच्या आठवड्यात ट्रॅफिक पोलिसांची चालू अधिसूचना बघूनच ओतायची वेळ ठरवा.

तपासा: स्लॅबच्या आदल्या दिवशी स्टील चेक झालं, कंडुइट आणि स्लीव्ह झाले, दुसरा प्लांट बोलून ठेवला, व्हायब्रेटर दोन आहेत, ताडपत्री आहे. यातलं एक जरी नसेल तर स्लॅब एक दिवस पुढे घ्या.

टप्पा ८: कामं एकमेकांवर चढवणं

सातवा स्लॅब पडायच्या आधी खालच्या मजल्यांवर ब्लॉकवर्क सुरू करणं, हे फास्ट ट्रॅकिंग. टेकू निघालेल्या मजल्यावरच करायचं. यात पैसे थेट लागत नाहीत, धोका लागतो. ड्रॉइंग फायनल नसताना ब्लॉकवर्क केलं, नंतर सभासदाने टॉयलेट सरकवलं, की तोडा आणि परत करा. माझा नियम साधा आहे: ज्या कामाचा निर्णय बदलू शकतो ते चढवायचं नाही, ज्याचा बदलणार नाही ते बिनधास्त चढवायचं.

मजल्यामजल्यांवरच्या कामांना वेग जुळवावा लागतो. सोपं जावं म्हणून इथे वेगळे आकडे घेऊ: ब्लॉकवर्कला मजल्याला ५ दिवस, गिलाव्याला ४, मजले ७. पहिला मजला मोकळा झाला म्हणून सहाव्या दिवशी गिलावावाले आणले तर ते प्रत्येक मजल्यानंतर एक दिवस रिकामे बसतात, एकूण ६ दिवस, आणि शेवटचा मजला ३९ व्या दिवशी संपतो. त्याच टोळीला बाराव्या दिवशी आणलं तर सलग २८ दिवस काम करून ती पण ३९ व्याच दिवशी संपवते. उशिरा आणून तारीख तीच, रिकामी हजेरी शून्य. ग्राफवर आडवे दिवस, उभे मजले घेऊन प्रत्येक टोळीची एक तिरकी रेघ काढा, कुठे कोण कोणाला गाठतंय ते लगेच दिसतं. चेसिंगवाल्यांची रेघ मध्ये घालायला विसरू नका, सगळ्यात जास्त टक्कर तीच करते.

टप्पा ९: पैसे कधी येणार ते शेड्युलशी जोडा

महारेराच्या नमुना करारात विक्रीच्या फ्लॅटचे पैसे टप्प्यांवर बांधलेले आहेत. प्लिंथ होईपर्यंत एकूण ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब होईपर्यंत ७० पर्यंत. त्यानंतर भिंती, आतला गिलावा, टाइल्स, दारं-खिडक्या एवढं सगळं करून फक्त ७५ पर्यंत पोचता. म्हणजे ज्या १४२ दिवसांचा हिशोब आपण वर केला, त्यात काम भरपूर आणि आवक अगदी थोडी. स्लॅबच्या काळात आलेले पैसे तिथेच संपवले तर नेमके फिनिशिंगला ठेकेदारांची बिलं थकतात, टोळ्या दुसऱ्या साईटवर जातात आणि क्रॅशिंगचा सगळा बेत कागदावर राहतो. दर महिन्याचा खर्च आणि आवक शेड्युलखाली एका ओळीत लिहा, जिथे खड्डा दिसेल तिथली सोय चार महिने आधी करा.

टप्पा १०: दर आठवड्याला अपडेट, दर महिन्याला रुपयांशी ताळा

पहिलं मंजूर शेड्युल गोठवून ठेवा, त्यात हात लावायचा नाही. अपडेट वेगळ्या प्रतीवर. सुपरवायझरला "किती टक्के झालं" विचारू नका, ८० टक्क्यांवर काम महिनाभर अडकून राहतं. "अजून किती दिवस लागतील" हे विचारा आणि तोच आकडा घाला.

सोमवारी पुढच्या तीन आठवड्यांची यादी काढा आणि प्रत्येक कामापुढे लिहा: ड्रॉइंग आहे का, माल आहे का, माणसं आहेत का, आधीचं काम मोकळं झालं का. चारही हो असतील तेच काम या आठवड्यात धरायचं. शनिवारी धरलेल्यातली किती झाली ते मोजा, जी झाली नाहीत त्यांचं कारण एका शब्दात. महिन्याभरात तेच कारण परत परत दिसायला लागतं, बहुतेक वेळा ड्रॉइंग नाहीतर पेमेंट.

महिन्याला तीन आकडे: किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं, किती रुपयांचं झालं, त्यावर खर्च किती झाला. १.२० कोटींचं ठरलं, १ कोटीचं झालं, खर्च १.१० कोटी, म्हणजे कामही मागे आणि पैसेही जास्त. पण फक्त यावर खूश किंवा नाराज होऊ नका. फ्लोटवाली महागडी कामं पुढे काढली तर रुपयांत पुढे दिसता आणि क्रिटिकल पाथ मागेच पडलेला असतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आणि अडथळ्यांचं रजिस्टर रोज भरा. पाऊस, ड्रॉइंगची वाट, शेजारच्यांनी बंद पाडलेलं काम, परवानगीची वाट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठलं काम अडलं, ते क्रिटिकल होतं का, ठेकेदार आणि इंजिनिअर दोघांची सही. मुदतवाढ किंवा दंडाचा वाद झाला की त्या दिवशीची सही असलेली ओळ टिकते, सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं पत्र टिकत नाही.